परदेशी अनुदानाचा अर्ज करण्यापूर्वी

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात महिला शाखेच्या कार्यक्रमात झालेले हे भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



आरती झाली, प्रसाद झाला, आणि आता हिशेबाच्या गोष्टी ऐकायच्या म्हणजे जरा जिवावर येणार, हे मला ठाऊक आहे. पण विषय तुम्हीच दिलात. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी आपली महिला शाखा बालवाडी चालवते आणि त्यांच्या आयांसाठी शिवणवर्ग घेते. या कामासाठी परदेशातल्या एखाद्या फाउंडेशनकडे अर्ज करावा का, आणि करायचा तर कसा? एका स्वयंसेवी संस्थेचे हिशेब मी अठरा वर्षं सांभाळले. असे बरेच अर्ज लिहिले, त्यातले बरेचसे नाकारले गेले. दोन्हींतून जे शिकलो ते सांगतो.

सुरुवात आपल्या भुवनेश्वरपासूनच करू. १९८५ साली इंदरजित खुराना या शिक्षिकेने इथल्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावर, तिथेच भीक मागणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या मुलांसाठी शाळा सुरू केली. काही वर्षांनी माया अजमेरा ही भारतीय वंशाची अमेरिकन तरुणी गाडीतून उतरली आणि फलाटावर गोल करून शिकणारी ती मुलं तिने पाहिली. चौकशी केली तेव्हा कळलं, की शाळेचा वर्षाचा खर्च अवघा काही शे डॉलर आहे. त्यातूनच तिला ‘ग्लोबल फंड फॉर चिल्ड्रन’ काढण्याची कल्पना सुचली. यात लक्षात घ्यायची गोष्ट ही, की शाळा आधी होती, फंड नंतर आला. आणि ‘वर्षाला किती लागतात’ या प्रश्नाला शाळेकडे उत्तर तयार होतं.

आता आपल्याकडचा कायदा. आपल्यापैकी अनेकांची मुलं बाहेर आहेत आणि ‘बाबा, मी मंडळाच्या खात्यात डॉलर पाठवतो’ असं ती प्रेमाने म्हणतात. थांबा! आधी त्यांचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय नागरिकाने परदेशात राहून आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पण मुलाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो ओसीआय कार्डधारक असला तरी त्याचे पैसे विदेशी देणगीच. आणि ती घ्यायला केंद्रीय गृहखात्याची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि तिने मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. आपली बालवाडी तिथपर्यंत अजून पोचलेली नाही. अशा छोट्या संस्थेसाठी पूर्वपरवानगीची वाट आहे. एका ठराविक देणगीदाराचं, ठराविक रकमेचं आणि ठराविक कामाचं लेखी पत्र घेऊन तेवढ्यापुरती परवानगी मागायची.

पूर्वी तिसरी वाट होती. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने पैसे घ्यायचे आणि छोटीला द्यायचे. २०२० च्या दुरुस्तीने ती बंद केली. तेव्हा ‘अमुक संस्थेच्या खात्यातून फिरवून घेऊ’ असं कोणी सुचवलं तर हात जोडा. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा असं ठरलं. एक दिलासा आहे. मुलांना प्रत्यक्ष शिकवणाऱ्या ताईंचं मानधन या २० टक्क्यांत धरलं जात नाही.

आता पलीकडची बाजू. अमेरिकेतल्या खाजगी फाउंडेशनना त्यांच्या कायद्याप्रमाणे मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के रक्कम दरवर्षी सत्कार्यासाठी द्यावी लागते. म्हणजे त्यांना पैसे द्यायचेच असतात. पण परदेशी संस्थेला दिलेला पैसा ठरल्या कामावरच गेला, याचा हिशेब त्यांच्या सरकारला द्यावा लागतो. म्हणून ते संस्थेची घटना मागतात, ऑडिट मागतात, लेखी करार करतात, अहवाल मागतात. आमच्यावर अविश्वास दाखवतात म्हणून आम्ही सुरुवातीला रागवायचो. तेही आपल्यासारखेच कुणाला तरी जबाब देणारे आहेत हे कळल्यावर राग गेला.

प्रत्येक फाउंडेशनचे नियमही निराळे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेला ‘ग्लोबल फंड फॉर विमेन’ ज्या संस्थांचा कारभार स्त्रियांच्या हाती आहे अशांनाच मदत करतो. काम स्त्रियांसाठी आणि कार्यकारिणीत सगळे पुरुष, हे तिथे चालत नाही. (आपली कार्यकारिणी हसते आहे, पण मी गंभीरपणे बोलतोय.) नियम न वाचता एकच अर्ज वीस ठिकाणी पाठवणं म्हणजे वीस नकार विकत घेणं.

आता आमची फजिती सांगतो. पहिल्या मोठ्या अर्जात आम्ही लिहिलं, ‘दोनशे मुलांना शिक्षण’. पटावर दोनशे होती, हे खोटं नव्हतं. पाच लाखांत भागलं असतं, तरी आम्ही वीस लाख मागितले. डॉलरमध्ये ते किरकोळच वाटेल असा हिशेब! अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला. फाउंडेशनच्या एक बाई पाहणीला आल्या. चहा, हारतुरे, मुलांची गाणी, सगळं झालं. मग त्यांनी शांतपणे हजेरीपुस्तक मागितलं. आमच्या शिक्षिकाताईंनी ते प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. रोजची हजेरी नव्वदच्या आसपास. बाई काही बोलल्या नाहीत. महिन्याने नकाराचं पत्र आलं. त्या पैशांच्या भरवशावर आम्ही दोन वर्ग वाढवले होते, ते बंद करावे लागले. फुगवलेला आकडा आमचा आणि शाळा सुटली मुलांची. ते मला अजून बोचतं.

पुढच्या वर्षी अर्ज त्या ताईंनाच विचारून लिहिला. ‘पटावर दोनशे, येतात नव्वद. का येत नाहीत? मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. म्हणून बालवाडीला जोडून पाळणाघर हवं आहे. त्याला एवढा खर्च येईल आणि वर्षाअखेर एवढ्या मुली वर्गात बसलेल्या दिसतील.’ चार पानांचा अर्ज, साधी भाषा. दुसऱ्या एका फाउंडेशनने तो मंजूर केला. जी गोष्ट आम्ही लाजून लपवली होती, तीच मागणीचं कारण ठरली.

आणखी एक. अर्जाला मुलांचे फोटो जोडताना रडवेले, उघडे चेहरे निवडू नका. आपल्या नातवंडांचा असा फोटो कुणी परदेशी पाठवलेला आपल्याला चालेल का? आईवडिलांची परवानगी घ्या आणि काम करणारी, हसणारी मुलं दाखवा.

तेव्हा माझी सूचना अशी. या वर्षी परदेशी अर्ज करू नका. रोजची हजेरी लिहा, महिन्याचा खर्च लिहा, ऑडिट वेळेवर करा. वर्गणी आहे, इथल्या कंपन्यांचा सीएसआर निधी आहे, त्यावर दोन वर्षं काम उभं करा. परदेशी अनुदान दोन-तीन वर्षांनी संपतंच. त्यानंतरही दार उघडं ठेवता येईल इतकी मुळं इथे रुजलेली हवीत. मग अर्ज करा, मी स्वतः बसून लिहायला मदत करीन.

कुठल्याही कामाच्या आरंभी आपण बाप्पाला वंदन करतो. यंदा त्याच्यासमोर एक कोरं हजेरीपुस्तकही ठेवूया, आणि उद्यापासून ते खरं भरूया.

गणपती बाप्पा मोरया!