बसथांब्यापुढील मोकळी जागा

पनवेल हें फार पूर्वींपासून चढउताराचें गांव आहे. १८३० मध्यें बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठीं खुला झाला, तेव्हां मुंबईचा प्रवासी होडीनें खाडी ओलांडून पनवेलच्या बंदरास उतरे आणि तेथून पुण्याची वाट धरी. १८५२ मध्यें येथें नगरपालिका स्थापन झाली. राज्यांतील अगदीं जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिची महानगरपालिका झाली, आणि खारघर, कळंबोली, कामोठें, नवीन पनवेल ह्या सिडकोनें वसविलेल्या वसाहती व आसपासचीं खेडीं तिच्या हद्दींत आलीं. एका बाजूस जुना मुंबई-पुणें महामार्ग, दुसऱ्या बाजूस कोंकण व उपनगरी रेल्वे यांचें स्थानक, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेला नवा विमानतळ अगदीं शेजारीं, अशी या शहराची आजची मांडणी आहे. रेल्वेस्थानक व एस. टी. चें स्थानक एकमेकांस लागून नसल्यामुळें उतारूला मधला टप्पा पायीं, रिक्षानें किंवा बसनें काढावा लागतो. अशा शहरांत बसमध्यें चढावयाची जागा कशी असावी, हा प्रश्न किरकोळ म्हणून बाजूस सारतां येण्याजोगा नाहीं.

राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालेल्या नागरिकांना २०२२ च्या ऑगस्टपासून विनामूल्य प्रवास करतां येऊं लागला. स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्मी सवलत मिळूं लागली. म्हणजे भाड्याची अडचण सरकारनें पुष्कळ अंशीं दूर केली. आतां एखादी वृद्ध बाई सवलतीचें ओळखपत्र पदराच्या गांठीस बांधून थांब्यावर उभी आहे, असें कल्पावें. थांब्यास छप्पर आहे, बांक आहे, मार्गांचे क्रमांक लिहिलेला फलक आहे. परंतु थांब्यासमोर पदपथास लागून एक मोटार उभी आहे, तिच्यामागें दोन दुचाक्या आहेत, आणि पुढें उतारूंची वाट पाहणाऱ्या रिक्षा आहेत. बस येते ती ह्या सर्वांना वळसा घालून रस्त्याच्या मध्यावर थांबते. बाईनें प्रथम पदपथावरून खालीं उतरावयाचें, मग दोन वाहनांच्या फटींतून वाट काढावयाची, मागून एखादी दुचाकी येत नाहीं ना हें पाहावयाचें, आणि मग डांबरी रस्त्यावरून बसची उंच पायरी गांठावयाची. इतकें होईपर्यंत वाहकाची घंटा वाजलेलीही असते. भाडें माफ झालें, पण पायरी माफ झाली नाहीं.

ह्यावर नियम नाहीं अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नाहीं. वाहनचालकांसाठीं १९८९ मध्यें जे रस्त्याचे नियम घालून देण्यांत आले, त्यांत वाहन कोठें उभें करूं नये ह्याची यादीच दिलेली होती. वळणावर, पुलाच्या चढावर, पदपथावर, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांजवळ, दुसऱ्या उभ्या वाहनाच्या बगलेस. आणि ह्याच यादींत शाळेच्या व रुग्णालयाच्या प्रवेशद्वारांच्या बरोबरीनें बसथांब्याचें नांव होतें. २०१७ मध्यें ते नियम जाऊन नवे आले, तरी थांब्याला दिलेलें संरक्षण गेलें नाहीं. किरकोळ वाहतूक-अपराधांना जो सामान्य दंड आहे, तो २०१९ च्या दुरुस्तीनें १०० रुपयांवरून ५०० रुपये झाला, आणि पुनः तोच अपराध घडल्यास १५०० रुपये. महाराष्ट्रांत ही नवी आकारणी २०२१ च्या डिसेंबरांत अमलांत आली. तेव्हां उणीव आहे ती नियमाची नव्हे. ज्या जागेचें रक्षण करावयाचें ती जागा नेमकी कोठून कोठपर्यंत, हें रस्त्यावर कोठें लिहिलेलेंच नसतें, ही खरी उणीव आहे. ‘थांब्याजवळ’ म्हणजे किती जवळ? खांबापासून चार हात, कीं चाळीस हात? मोटार लावणारा गृहस्थ खांब सोडून दोन पावलें पुढें गाडी लावतो आणि नियम पाळल्याच्या समाधानानें बाजारांत जातो. त्याला सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं.

मुळांत थांबा म्हणजे खांब व छप्पर, ही कल्पनाच चुकीची आहे. शहरांतली मोठी बस १२ मीटर लांबीची असते. ती मनुष्याप्रमाणें बाजूस सरकूं शकत नाहीं. तिला तिरपें येऊन, हळूहळू सरळ होऊन, पदपथास समांतर व्हावें लागतें, आणि निघतांना पुनः तिरपें बाहेर पडावें लागतें. लंडनच्या वाहतूक खात्यानें ह्याचा हिशेब करून ठेवला आहे. थांब्याच्या मागें-पुढें वाहनें उभीं राहत असतील, तर १२ मीटरच्या बससाठीं ३७ मीटर कड मोकळी हवी, असा तो हिशेब आहे. म्हणजे बसच्या तिप्पट लांबीची जागा. हें माप ऐकून आपल्याकडील कोणाही दुकानदारास घेरी येईल. तथापि त्याचें कारण साधें आहे. मागची जागा अडली, तर बसचें तोंड पदपथाशीं येतें आणि शेपूट रस्त्यांतच राहतें. मधला दरवाजा पदपथापासून हातभर दूर पडतो. आणि खालच्या तळाच्या बसमध्यें चाकाची खुर्ची आंत घेण्याची फळी बहुधा मधल्याच दरवाजाशीं असते. एका मोटारीनें अडविलेली पांच मीटर जागा अशा रीतीनें लाखों रुपयांच्या बसची सोय निरुपयोगी करून टाकते.

उंचीचा हिशेब तर ह्याहूनही बोलका आहे. जुन्या बांधणीच्या बसचा तळ रस्त्यापासून ९० सेंटिमीटर किंवा त्याहूनही वर असतो, मधल्या प्रकाराचा सुमारें ६५, आणि खालच्या तळाच्या बसचा ४०. आपल्याकडील रस्तेबांधणीच्या मानकांप्रमाणें पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षां अधिक नसावी. बस पदपथास लागून उभी राहिली, तर खालच्या तळाच्या बसमध्यें चढावयास २५ सेंटिमीटर उरतात. रस्त्याच्या मध्यें थांबली, तर पूर्ण ४०. चाकाच्या खुर्चीसाठीं उताराचें रूढ प्रमाण एकास बारा असें धरतात. त्या प्रमाणानें २५ सेंटिमीटरला तीन मीटरची फळी लागेल, आणि ४० सेंटिमीटरला जवळजवळ पांच मीटरची. एवढी फळी कोणत्याच बसमध्यें नसते; आंखूड फळी टाकून उतार तीव्र होऊं दिला जातो व मागून एक माणूस खुर्ची ढकलतो. पदपथाचे १५ सेंटिमीटर हातचे गेले, कीं तेंही जमत नाहीं. बस नवी आणून भागत नाहीं तें ह्यामुळेंच.

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यानें चाकाच्या खुर्चीसाठीं पदपथांस उतार देण्याची गोष्ट सांगितली होती, परंतु ऐपतीच्या मर्यादेंत राहून असें म्हणून ती सैलही करून ठेवली होती. २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्यानें दिव्यांगतेचे मानलेले प्रकार सातांवरून एकवीस केले, आणि बसथांबे, रेल्वेस्थानकें व विमानतळ येथील सोयी ठरावीक मानकांप्रमाणें असाव्यात असें स्पष्ट म्हटलें. पुढें सर्वोच्च न्यायालयानें राजीव रतूरी यांच्या प्रकरणांत ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं असा निर्णय दिला कीं, सुगम्यतेचीं मानकें नुसत्या शिफारशी म्हणून ठेवतां येणार नाहींत. जें किमान आवश्यक आहे तें बंधनकारक नियमांच्या रूपानें घालून दिलें पाहिजे. रतूरी हे स्वतः दृष्टिहीन. त्यांच्यासारख्या प्रवाशाची अडचण पायरीची नसून वाटेची असते. जपानांत सेइइची मियाके यांनीं शोधलेल्या उंचवट्यांच्या फरश्या १९६७ मध्यें ओकायामा येथें प्रथम बसविण्यांत आल्या. त्यांची पिवळी रांग आतां भारतांतील स्थानकांतूनही दिसते. परंतु ती रांग थांब्याच्या कडेपर्यंत जाऊन एखाद्या उभ्या दुचाकीच्या चाकाशीं संपत असेल, तर काठीनें वाट शोधणाऱ्यास ती नसलेली बरी. नसती, तर त्यानें निदान तिच्यावर भरंवसा ठेवला नसता.

आतां हें काम करावयाचें कोणी? पनवेलच्या रस्त्यांवर धावणाऱ्या शहरी बसगाड्या प्रामुख्यानें नवी मुंबईच्या परिवहन उपक्रमाच्या. लांबच्या गाड्या राज्य परिवहन महामंडळाच्या. गल्लीबोळांतील पदपथ महानगरपालिकेचा. महामार्गाचा कारभार निराळा. आणि चुकीच्या जागीं लावलेल्या वाहनावर कारवाई करणारे पोलीस नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयाचे. बस एकाची, खांब दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा आणि दंडाची पावती चौथ्याची. पुष्कळ घरांच्या सामाईक अंगणाची जी स्थिति होते, तीच येथें थांब्याची होते: प्रत्येकजण तेथें कांहींतरी ठेवतो आणि झाडीत कोणीच नाहीं.

कायद्यानें मात्र ह्या चौघांना एकत्र बसविण्याची सोय करून ठेवली आहे, ती फारशी कोणाच्या लक्षांत नसते. मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमाप्रमाणें वाहनें उभीं करण्याच्या जागा व सार्वजनिक वाहनांचे थांबे राज्य सरकारनें किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानें स्थानिक संस्थेशीं विचारविनिमय करून ठरवावयाचे असतात. १९३९ च्या जुन्या कायद्यांतही हीच व्यवस्था होती. २०१९ च्या दुरुस्तीनें तींत दोन गोष्टींची भर पडली: अशा जागा ठरवितांना रस्त्यावरील लोकांच्या सुरक्षिततेला व वाहतुकीच्या सुरळीतपणाला अग्रक्रम द्यावयाचा, आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणालाही अशा जागा ठरवितां येतील. ‘विचारविनिमय’ ह्या शब्दाला येथें खरा अर्थ आहे. महानगरपालिका कांहीं दंड करणारी संस्था नव्हे, परंतु कोणत्या थांब्यापुढें किती मीटर कड मोकळी हवी ह्याचा तक्ता तिनें प्रभागवार करून पोलिसांपुढें ठेवला, तर ‘जवळ’ ह्या मोघम शब्दाच्या जागीं अंक येतो. अंक आला कीं रंगाचा पट्टा ओढतां येतो, आणि पट्टा असला कीं हुज्जतीला जागा राहत नाहीं. रस्त्यावरील अडथळे दूर करणें हें तर महानगरपालिका अधिनियमानें तिच्यावर टाकलेलें आवश्यक कर्तव्यच आहे.

ह्या तक्त्यांत रिक्षांचा विचार वगळून चालणार नाहीं. रिक्षावाला थांब्यापुढें उभा राहतो तो नियमाच्या द्वेषानें नव्हे. बसमधून उतरणारा माणूस हेंच त्याचें गिऱ्हाईक. त्याला तेथून हाकललें तर तो तासाभरानें परत येईल, कारण पोट तेथेंच आहे. थांब्याची मोकळी कड संपते तेथून पुढें वीसपंचवीस पावलांवर त्याला रीतसर जागा आंखून दिली, तर उतारूलाही तो सांपडतो आणि बसलाही वाट मिळते. उत्पन्नाच्या वाटेवर बसविलेला फेरीवाला, किंवा दोन मिनिटांत येतों म्हणून औषधाच्या दुकानांत शिरलेला मोटारवाला, ह्यांची गोष्ट निराळी आहे. दुसऱ्याच्या बाबतींत तर सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्याच घरांत चौकशी करावी हें बरें. दोन मिनिटांच्या ह्या मोटारी बहुधा त्यांच्याच असतात.

कोंकणच्या पावसांत रंगाचा पट्टा फार दिवस टिकत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. जून ते सप्टेंबर एवढ्या अवधींत तो झिजून जातो आणि पुढच्या निविदेपर्यंत मोकळी कड पुनः मोघम होते. ह्यावर परदेशांत जो उपाय निघाला तो रंगाचा नसून दगडाचा आहे. जर्मनींतील कासेल शहरानें थांब्यापुरती पदपथाची कड नेहमींपेक्षां उंच व आंतून गोलाई दिलेली अशी बांधली. चाक त्या गोलाईला घासत सरकतें आणि बस आपोआप कडेला चिकटते. दुसरी रीत याहून सोपी आहे. जेथें रस्त्याच्या कडेला वाहनें उभीं राहणारच, तेथें थांब्यापुरता पदपथच तितका पुढें रस्त्यांत आणावयाचा. मग बसला वांकडें व्हावें लागत नाहीं, तिप्पट लांबी लागत नाहीं, थांब्यापुढें मोटार लावूं म्हटलें तर ती भर रस्त्यांतच उभी राहील, आणि मागच्या-पुढच्या मोटारींची जागाही पूर्वींपेक्षां कमी जात नाहीं. असा ओटा बांधावयास कांहीं गाड्या खडी, पावसाचें पाणी वाहून नेणारें गटार थोडें वळविणें, आणि दोन-तीन कचेऱ्यांच्या सह्या एवढें लागतें. ह्यांत गटाराचें काम सर्वांत जोखमीचें आहे, कारण तें चुकलें तर पहिल्याच जोरदार सरीला थांब्यावर उभ्या असलेल्या त्या बाईचे पाय घोटाभर पाण्यांत जातील.