बुडणे : एका शब्दाचा ठाव

(उन्हाळी व्याख्यानमालेत नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानातून)



आज मी एकाच क्रियापदाबद्दल बोलणार आहे : बुडणे.

दगड पाण्यात बुडतो, हा सरळ अर्थ. शास्त्रात त्याला अभिधा म्हणतात. पण मिरचीच्या पथारीवर राबणारी बाई आजारी पडली की म्हणते, "आजचा रोज बुडाला." इथे पाणी कुठे आहे? कुणी विचारतही नाही. सावकाराचे पैसे बुडतात, पोराची शाळा बुडते, संध्याकाळी दिवस बुडतो. वापरून वापरून या शब्दातले पाणी आटून गेले आहे. ही रूढीची लक्षणा.

लक्षणा समजावताना मम्मटासारखे शास्त्रकार एक ठरलेले उदाहरण देतात : गंगेत गवळीवाडा आहे. प्रवाहात वस्ती कशी असेल? मुख्य अर्थाला बाध येतो, म्हणून आपण 'गंगेच्या काठी' असे समजतो. मग सरळ 'काठी' का म्हणू नये? कारण मग गंगेचा गारवा आणि तिचे पावित्र्य त्या वाड्याला मिळत नाही. तेवढ्यासाठी हा वळसा. तो गारवा जाणवतो, ती व्यंजना.

आता साहित्य काय करते ते पाहा. परंपरा सांगते की, तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. कर्ज बुडाले, आणि कागदही बुडाले. दोन्ही अर्थ एकाच कृतीत. पुढे त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या. कथा म्हणून घ्या किंवा श्रद्धा म्हणून. पण 'बुडणे' आणि 'तरणे' हे शब्द मराठी मनात इतके खोल गेले, ते अशा कथांमुळे. इथला लाक्षणिक अर्थ कोरडा नाही, त्याला नदीची ओल आहे.

आणि आपला जिल्हा? शास्त्रकारांचे ते उदाहरण इथे सांगताना माझी जीभ अडखळते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली. मणिबेलीपासून पाणी चढत गेले. शेते गेली, घरे गेली, शूलपाणेश्वराचे जुने देऊळही गेले. नर्मदेत पाडा आहे, हे वाक्य इथे शब्दशः खरे झाले. मुख्य अर्थाला बाधच उरला नाही. ज्या अशक्यतेवर लक्षणा उभी होती, तीच पाण्याखाली गेली.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. पाणी यायच्या कितीतरी आधी कागदावर शब्द आला : 'बुडीत गाव'. तेव्हा त्या गावात चूल पेटत होती, शेतात ज्वारी उभी होती, दारात कोंबड्या चरत होत्या. म्हणजे तो शब्द त्या दिवशी लाक्षणिकच होता. कवी लक्षणा योजतो, तेव्हा शब्दाचा अर्थ बदलतो. कचेरीने ती योजली, तेव्हा गाव बदलले. पुढे धरणाची भिंत १३८.६८ मीटरपर्यंत चढली आणि त्या विशेषणाची अभिधा झाली.

म्हणून नंदुरबारच्या लिहित्या मुलांना एवढेच सांगतो : 'दुःखात बुडालो' असे लिहिताना क्षणभर थांबा. तुमच्या वर्गात शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी घरी तो शब्द अजून ओला असेल.