विद्यार्थी खेळाडूचे नाव आणि छायाचित्र : मोबदला कोणाचा?



१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिक स्पर्धेत खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकला. प्रवासखर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा परतले ते बैलगाड्यांच्या मिरवणुकीतून. परंतु प्राचार्यांचे ते ऋण फेडण्यासाठी त्यांना पुन्हा कुस्त्यांच्या फडात उतरावे लागले, असे सांगितले जाते. कीर्ती होती, तिला बाजारात किंमत नव्हती.

आज ती किंमत आहे. मग ती कोणाच्या पदरात पडावी?

अमेरिकेत हा वाद विकोपाला गेला. तेथे महाविद्यालयीन सामन्यांच्या प्रक्षेपणावर कोट्यवधी डॉलर मिळत. खेळाडूच्या वाट्याला मात्र शिष्यवृत्तीच येई. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूला एका संगणकीय खेळात स्वतःचीच हुबेहूब प्रतिमा खेळताना आढळली आणि २००९ साली त्याने न्यायालयाची पायरी चढली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. १ जुलै २०२१ पासून देशभरातील विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली; २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर महाविद्यालयेही खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली.

गोव्याची तऱ्हा निराळी. येथील फुटबॉलपटू घडला तो मुख्यतः साळगावकर, धेंपो यांसारख्या क्लबांच्या आश्रयाने. आंतरमहाविद्यालयीन सामन्याला तिकीट काढून कोण जातो? (कधीकधी खेळाडूंचे आईवडीलही वेळेवर पोहोचत नाहीत.) सबब अमेरिकेचे आकडे येथे उगाळण्यात अर्थ नाही. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूस वर्षाकाठी १ लाख २० हजार रुपये खर्चभत्त्याची तरतूद आहे; पण ते साहाय्य होय, नावाचा मोबदला नव्हे.

मात्र प्रश्न येथेही आहे. समजा, पेडण्याच्या वा डिचोलीच्या महाविद्यालयातील एखाद्या धावपटू मुलीने पदक मिळविले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र येते, ते योग्यच. ती बातमी आहे. आठवड्याने तेच छायाचित्र पणजीच्या रस्त्यावर एखाद्या पेढीच्या फलकावर अभिनंदनाच्या मिषाने झळकते. खाली पेढीचे नाव तिच्या नावाहून मोठे. हे अभिनंदन नसून जाहिरात होय. २०२१ साली टोकियोतील पदकानंतर पी. व्ही. सिंधू यांच्या वतीने अशाच जाहिराती करणाऱ्या कंपन्यांवर कायदेशीर कारवाईचे पाऊल उचलण्यात आले. सिंधूंपाशी वकील होते. पेडण्याच्या मुलीपाशी कोण आहे?

भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. तथापि १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, व्यक्तीचे नाव वा प्रतिमा तिच्या संमतीविना जाहिरातीस वापरणे हा तिच्या खाजगीपणाचा भंग ठरतो, असे स्पष्ट केले आहे. हा आधार सामान्य विद्यार्थ्यालाही आहे.

खरी मेख संमतीतच आहे. प्रवेशअर्जाच्या अखेरच्या पानावर बारीक टाइपात ‘माझे छायाचित्र संस्थेस कोठेही वापरता येईल’ असे वाक्य असले, तर सतरा वर्षांचा मुलगा ते न वाचताच सही करतो. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, हे त्या अर्जाचा मसुदा करणाऱ्यासही ठाऊक असायला हवे. संस्थेने स्वतःच्या माहितीपत्रकात विजेत्याचे छायाचित्र छापावे, त्यास कोणाची हरकत असणार? परंतु बाहेरचा पुरस्कर्ता आला, गणवेशावर त्याचे नाव झळकले, तर संमतिपत्र वेगळे असावे, मराठी वा कोंकणीत असावे, पालकांसमोर वाचून दाखवावे, आणि त्यात वापराची जागा, मुदत व रक्कम नमूद असावी. रक्कम पाचशे रुपये असली तरी चालेल. ती जागा कोरी सोडू नये.