एक ऋणको, दोन न्यायालये



ऋणको बुडाला की ज्याचा हात आधी पोहोचतो तो धनको मालमत्ता उचलतो. मागे राहतात कामगार व लहान धनको. ही ओढाताण थांबावी म्हणून दिवाळखोरीचा कायदा असतो. परंतु मालमत्ता दोन देशांत विखुरलेली असेल तर?

जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिचे एक विमान नेदरलँड्समध्ये जप्त झाले होते. मे महिन्यात तेथील न्यायालयाने कंपनीस दिवाळखोर ठरविले. जूनमध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने येथील कार्यवाही सुरू केली; मात्र डच आदेश अमान्य केला, कारण २०१६ च्या संहितेतील कलम २३४ अन्वये त्या देशाशी करार झालेला नव्हता. सप्टेंबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने उभय प्रशासकांमधील सहकार्याच्या मसुद्यास मान्यता दिली. मुख्य कार्यवाही भारतातच राहिली.

पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. सहकार्याने प्रत्येक आजारी कंपनी वाचतेच असे नव्हे. तथापि, उरलेल्याची वाटणी बळाने न होता न्यायाने व्हावी, यासाठी सहकार्याखेरीज अन्य मार्ग नाही.