जनुक काढून पाहिलं, तेव्हा कळलं

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब चालू असताना एक ताई मध्येच उठून गेल्या. नंतर कळलं, त्यांच्या नातवाला सिकलसेल निघालाय आणि घरात सगळा ठपका सुनेवर आलाय. आम्ही चौघी-पाचजणी त्यांच्या घरी गेलो. तिथं जे बोललो, तेच आज तुम्हाला सांगतो.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि अंग ठणकतं. पण मूल आजारी होतं ते आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच. एकट्या आईमुळे नाही. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता.

ताईंनी विचारलं, "मग पहिले चार-पाच महिने पोर ठणठणीत कसं होतं?"

प्रश्न फार मोलाचा आहे बरं का. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते पेशी वाकू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनणं जवळजवळ बंद होतं, मोठ्यांचं सुरू होतं आणि आजार डोकं वर काढतो. पण हे बंद करतं कोण?

आपल्या पापडाच्या कामात दहाजणी असतात. कोण काय करते ते रोज लक्षात येत नाही. एखादी माहेरी गेली की समजतं, अरे, लाट्या तर हीच करत होती! शास्त्रज्ञही असंच करतात. उंदराच्या शरीरातून नेमकं एक जनुक काढून टाकायचं आणि काय अडतं ते बघायचं. ही पद्धत शोधणाऱ्या कापेची, इव्हान्स आणि स्मिथीज यांना 2007 मध्ये नोबेल मिळालं.

बाळाचं हिमोग्लोबिन बंद करण्यात बीसीएल-अकरा-ए नावाच्या जनुकाचा मोठा हात निघाला. ते सगळ्या शरीरातून काढलं तर उंदराची पिल्लं जन्मताच मरतात. त्याला इतरही कामं आहेत. म्हणून अमेरिकेत ऑर्किन यांच्या गटाने सिकलसेल असलेल्या उंदरांत ते फक्त तांबड्या पेशी बनवणाऱ्या पेशींतून काढलं. बाळाचं हिमोग्लोबिन बनत राहिलं आणि आजाराची लक्षणं गेली. हे 2011 सालचं.

त्याच वाटेने माणसांसाठी उपचार आला. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रुग्णाच्याच मूळ रक्तपेशी काढून, त्यांत या जनुकाचा तेवढा भाग निकामी करून परत देतात. अमेरिकेतली तेव्हाची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळी अठरा कोटींच्या घरात! आपल्या पतपुरवठ्याचं सोडाच. शिवाय आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते.

आपल्या हाताशी आज हायड्रॉक्सीयुरिया आहे. तेही बाळाचं हिमोग्लोबिन वाढवतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, मध्येमध्ये रक्त तपासत. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना सांगायचं. आणि तपासणी आहे. लग्न ठरवताना पत्रिका बघता ना? मग दोघांचं रक्तही बघा.

ताईंचा मुलगा परवा तपासून आला. तोही वाहक निघाला. म्हणजे ताई किंवा त्यांचे यजमान, दोघांपैकी कुणाकडून तरी ते आलंय. आता ताईच आम्हाला विचारताहेत, "माझं रक्त कधी घेणार?"