मशीन चांगली होती, पण पैसे कोणाचे होते?



आयोजकांनी मला विषय दिलाय, ‘मोहल्ल्यातल्या सेवा मंडळाचं काम आणि निधी’. मी वक्ता नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेली अकरा वर्षं मी आमच्या मंडळाचा खजिनदार आहे. खजिनदार कसा झालो? तर पावतीपुस्तकं माझ्याच दुकानात बांधली जायची म्हणून. त्यापलीकडे काही पात्रता नव्हती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपापल्या गावात असे गट काढलेत किंवा काढायच्या बेतात आहात, असं मला सांगण्यात आलं. म्हणून कौतुकाच्या गोष्टी कमी सांगतो. एक चूक सांगतो. ती माझी आहे.

आधी मंडळ काय करतं ते. नववीपासून बारावीपर्यंतच्या मुलांसाठी जुन्या पुस्तकांची पेढी आहे. आठवीपर्यंत पुस्तकं सरकार फुकट देतं, घर अडतं ते नववीला. २६ जानेवारीला रक्तदान शिबिर असतं. शिष्यवृत्तीचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, रेशनकार्डाचे अर्ज भरून देणं हे वर्षभर चालतं. त्याला एक पैसा लागत नाही आणि मंडळाचा सगळ्यात जास्त उपयोग लोकांना त्याचाच झालाय. पैसे नाहीत म्हणून काम अडलंय, असं सांगणाऱ्या गटाला मी आधी विचारतो की तुम्ही अर्ज भरून देता का?

पण आमचं खरं काम म्हणजे रुग्णसाहित्य. दुकानामागच्या खोलीत चार फाउलर कॉट आहेत, व्हीलचेअर आहेत, वॉकर, कमोड खुर्च्या, हवेच्या गाद्या आहेत. कोणीही यावं, वहीत सही करावी, अनामत ठेवावी आणि घेऊन जावं. घर कोणाचं, धर्म कोणता, हे वहीत लिहायला रकानाच नाही. अनामत मात्र सगळ्यांकडून घेतो, अगदी गरिबाकडूनही, शंभर रुपये का होईना. सुरुवातीला आम्ही घेत नव्हतो. मग दोन वॉकर परत आले नाहीत आणि एक कॉट कुणाच्या तरी पडवीत कोंबड्यांच्या टोपल्या ठेवायला वापरलेली सापडली. अनामत सुरू केल्यावर वस्तू परत यायला लागल्या. शिवाय एक गोष्ट झाली जी आम्ही ठरवली नव्हती. माणूस गेल्यावर घरचे लोक कॉट परत आणतात, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सकाळी लवकर, रिक्षा टेम्पोत घालून. मी अनामत काढून पुढे करतो, तर बरेच जण हात मागे घेतात. ‘राहू दे, पुढच्याला होईल.’ आमची तिसरी कॉट अशाच राहिलेल्या अनामतींतून घेतलीय. त्यासाठी ना सभा घ्यावी लागली, ना बॅनर.

आता पैसा कुठून येतो ते. आमच्या भागात तीन वाटा. पहिली, गावातली वर्गणी. दुसरी, मुंबईतलं गावकऱ्यांचं मंडळ. तिसरी, आखातात गेलेली आपली माणसं. एक चौथी होती, बकरी ईदच्या कातड्यांची. मी लहान असताना कातडी गोळा करायला मुलांमध्ये चढाओढ असे. आता भाव असा पडलाय की मीठ आणि टेम्पोभाडंही निघत नाही, त्यामुळे ती वाट बंद झाली असं धरून चाला.

आखातातल्या पैशाबद्दल एक गोष्ट नीट ऐका, कारण यात चांगल्या मनाची माणसं अडकतात. कुवेतला असलेला तुमचा भाऊ भारतीय पासपोर्टवर आहे, स्वतःच्या पगारातून, बँकेमार्फत पैसे पाठवतोय, तर ते कायद्याने विदेशी योगदान धरत नाहीत. पण लंडनला स्थायिक झालेले, तिथलं नागरिकत्व घेतलेले तुमचे मामा जेव्हा पाठवतात, तेव्हा ते विदेशी योगदान ठरतं, मग मामा जन्माने आपल्या गावचे का असेनात. त्यासाठी संस्थेची केंद्रीय गृह मंत्रालयाकडे एफसीआरए नोंदणी लागते. ती नसेल तर मामांना अदबीने नाही म्हणायचं. आम्ही म्हटलंय. मामा रागावले, पण रागावलेल्या मामांना समजावणं सोपं असतं.

आणि नोंदणी करा. सात जण मिळून १८६०च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदवता येते, आपल्या राज्यात तिची नोंद १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही होते. दरवर्षी ऑडिट करून घ्यावं लागतं. नोंदणी झाली नसेल आणि तात्पुरत्या कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे असतील, तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची, गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच. आणि क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा लावा. अध्यक्षाच्या किंवा खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा नको. आमच्याकडे सुरुवातीची दोन वर्षं माझाच होता. त्यात माझ्या मुलीची फी, दुकानाचा कागद आणि मंडळाची वर्गणी एका ओळीखाली एक. चोरी झाली नाही, पण झाली नाही हे सिद्धही करता आलं नसतं.

आता ती चूक.

२०२१ साल. रमजान १४ एप्रिलला सुरू झाला आणि दुसरी लाट त्याच वेळी डोक्यावर आली. तालुक्याच्या रुग्णालयात बेड नव्हते. घरी राहिलेल्या रुग्णांची मुलं माझ्या दुकानाच्या शटरवर रात्री थापा मारायची, कारण मंडळाकडे मशीन असेल असं त्यांना वाटायचं. आमच्याकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नव्हता. मुंबईत एक मिळत होता, पाच लिटरचा, बासष्ट हजाराला. उद्यापर्यंत पैसे द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

मंडळाच्या साध्या निधीत त्या दिवशी नऊ हजार होते. जकातीच्या खात्यात लाखाच्या वर होते.

तुम्हाला जकात म्हणजे काय ते सांगायला नको. चाळिसावा हिस्सा, आणि कोणाला द्यायची त्या आठ प्रकारांची यादी कुराणातच आहे. आमच्या गावात ईदच्या आधी चौदा घरांना ती रोख दिली जायची. कोणाचं कर्ज, कोणाचं भाडं, कोणाची औषधं. ती चौदा नावं माझ्याकडे लिहिलेली होती. मी अध्यक्षांना फोन केला, ते स्वतः तापाने पडले होते, ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणाले. मी जकातीतून पैसे वळवले. जीव वाचवण्यापेक्षा मोठं काय, असं मनाशी म्हटलं. कोणाला विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं तर कोणीतरी नाही म्हणेल, ही भीती होती.

मशीन आली. दोन महिन्यांत सात घरांत फिरली. त्यातले पाच जण आज आहेत. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर दादा अजून रस्त्यात भेटले की हात जोडतात, आणि मला तिथून पटकन निघावंसं वाटतं. ईदनंतर दोन दिवसांनी तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, आमच्याकडची वीज गेली, तेव्हा ती बासष्ट हजाराची मशीन कोपऱ्यात नुसती उभी होती आणि दादांना रात्रीच्या पावसात रुग्णालयात हलवावं लागलं होतं. मशीन घेताना इन्व्हर्टरचा विचार कोणी केला नव्हता. घाईत घेतलेल्या वस्तूचं असंच होतं.

ईदच्या दोन दिवस आधी एक खाला दुकानात आल्या. मासे विकायच्या त्या, लॉकडाऊनमध्ये टोपली बंद होती. नाव यादीत होतं. दरवर्षी ज्या पाकिटावर त्यांचं भाडं भागायचं, ते पाकीट या वेळी निम्म्याहून कमी होतं. मी समजावलं. साथ आहे, मशीन घ्यावी लागली, माणसं मरताहेत. त्यांनी सगळं ऐकलं. वाद घातला नाही. म्हणाल्या, ‘मशीन चांगलीच आहे, भाऊ. पण ते पैसे माझे होते ना? मला विचारलं असतं तर मी दिलेही असते थोडे.’

त्या गेल्या. पुढे कळलं, कानातले गहाण ठेवून भाडं भरलं.

मी मौलानांकडे गेलो. मला वाटलं होतं, निकड बघून ते सूट देतील. ते म्हणाले, जकात हक्कदाराच्या हातात, त्याच्या मालकीची होऊन गेली पाहिजे. मंडळाच्या मालकीची वस्तू त्यातून घेता येत नाही, ती कितीही उपयोगी असो. मशीन घ्यायला लिल्लाहचे पैसे आहेत, सदका आहे, वर्गणी आहे. ते जमवायला तू दारोदार गेला नाहीस, कारण हा पैसा हाताशी होता. यावर इतर उलेमांची वेगळी मतं असतील, मी मुफ्ती नाही, झेरॉक्सवाला आहे. पण ‘हाताशी होता’ हे दोन शब्द मला लागले.

आमच्या गावातल्या लायन्स क्लबचे एक जुने सदस्य आहेत, हिशेबाचे पक्के. त्यांच्याकडे सहज बोललो, तर ते हसले. त्यांच्याकडे नियमच आहे की जनतेकडून जमवलेला पैसा एका खात्यात आणि सदस्यांच्या वर्गणीचा दुसऱ्यात. क्लबचं चहापाणी, टपाल, सभेचा खर्च सदस्यांच्या खात्यातून. जनतेचा पैसा जनतेच्या कामाला, त्यातून क्लबचा पेनसुद्धा नाही. लायन्सची सुरुवात १९१७ची, अमेरिकेतली. आपल्याकडे हा विचार त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे, आणि मला तो शिकवायला शेजारच्या गल्लीतले लायन काका लागले.

मग आम्ही सभा घेतली. जूनमध्ये, मास्क लावून, शाळेच्या पटांगणात. दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, वाच्यता करू नका, लोकांचा विश्वास उडेल. दुसरा तट लहान होता, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या, पुस्तकपेढी चालवणाऱ्या. त्या म्हणाल्या, खालांना माहीत आहे, म्हणजे मच्छी मार्केटला माहीत आहे, म्हणजे गावाला माहीत आहे. आपणच सांगितलं नाही एवढंच. त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. मी एक कागद लिहिला. जकातीच्या खात्यातून बासष्ट हजार रुपये खजिनदाराने चुकीने मशीनसाठी वापरले, ते मंडळ भरून देईल. तो मशिदीच्या आणि वाचनालयाच्या फलकावर लावला. माझ्याच दुकानात झेरॉक्स काढली, दोन प्रती.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. दरवर्षी मोठी रक्कम देणाऱ्या एका गृहस्थांनी देणं थांबवलं, ते आजही देत नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही थांबलो असतो. दुसऱ्या बाजूने शंभर-दोनशेच्या पावत्या वाढल्या, पावतीपुस्तकं लवकर संपायला लागली. जुलैच्या मध्यापर्यंत वीस हजार भरून निघाले होते, ते आधी त्या चौदा घरांना दिले. खालांना उरलेलं पाकीट मिळालं, पण कानातले सुटायला पुढचा हिवाळा लागला. बाकीचे पैसे भरायला पुढचा रमजान उजाडला. शेवटचे साडेचार हजार माझे.

मध्येच २२ जुलैला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तिथेही मदत घेऊन गेलो. पण या वेळी निघण्याआधी तिथल्या मुलांना फोन करून विचारलं, काय हवंय? ते म्हणाले, कपडे आणू नका, कपड्यांचे ढीग रस्त्यावर भिजताहेत. खराटे, फावडी, फिनेल, पिण्याचं पाणी आणि दोन वायरमन आणा. आम्ही पाच वायरमन नेले. विचारायची सवय त्या खालांमुळे लागली होती.

आज आमच्याकडे तीन रंगांची पावतीपुस्तकं आहेत. हिरवं जकात आणि फितऱ्याचं, पिवळं लिल्लाह आणि वर्गणीचं, पांढरं सदस्यांच्या फीचं. बँकेत खातीही तशीच वेगळी. दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला तिन्हींचा हिशेब फलकावर लागतो, चूक असेल तर चुकीसकट. जकात घेणाऱ्यांची नावं कुठेच लागत नाहीत, त्यांचे फोटो निघत नाहीत. एका इच्छुक उमेदवाराने धान्याच्या पिशव्यांवर आपला फोटो छापून देऊ केला होता, सगळा खर्च त्यांचा. पिशव्या आम्ही घेतल्या नाहीत. हा निर्णय मात्र एका मताने झाला होता, सहाविरुद्ध पाच, तेव्हा फार फुशारकी नको.

जकातीची यादी आता पाच जण बघतात, त्यातल्या तिघी बाया आहेत. मी खालांना त्यात यायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मला वेळ नाही रे बाबा, पहाटे जेट्टीवर जायचं असतं.’ पण दर महिन्याला फलकासमोर उभ्या राहून नातीकडून हिशेब वाचून घेतात. गेल्या मार्चमध्ये बेरजेत तीनशेची चूक त्यांनीच काढली.

२०२१चा तो कागद मी बरोबर आणलाय, आणि तिन्ही रंगांची पुस्तकंही. चहाच्या वेळी टेबलावर ठेवतो. ज्यांना आपल्या गटासाठी पावतीचा नमुना हवा असेल त्यांनी फोटो काढून घ्यावा. हिरव्या पुस्तकाचा काढू नका, त्यात नावं आहेत.