गिऱ्हाईक दाराशी आले म्हणजे

(मंडळाच्या विक्री केंद्रावर नव्याने काम करू लागलेल्या भगिनींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "सहा वर्षे काउंटरवर तुम्हीच उभ्या आहात, तर नव्या मुलींना चार गोष्टी तुम्हीच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. विस्कळीत झाले तर सांभाळून घ्या.

आपण सगळ्या घरच्या बायका. दारी पाहुणा आला तर त्याला पाणी कसे द्यावे, बसायला कोठे सांगावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून पुष्कळजणींना वाटते, दुकानात उभे राहायला शिकायचे ते काय? पण पाहुणा आणि गिऱ्हाईक यांत एक मोठा फरक आहे. भाजीत मीठ जास्त पडले तरी पाहुणा "छान झाली हो" म्हणून उठतो. गिऱ्हाईक पैसे मोजते. ते तसे म्हणणार नाही, आणि त्याने म्हणूही नये. जे तोंडावर बोलते ते गिऱ्हाईक चांगले. जे काही न बोलता पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानी जाते, त्याचे काय चुकले हे आपल्याला कधीच कळत नाही.

माणूस आत आले की आधी मान वर करावी. हातात वजन चालू असेल तर ते सोडू नका, पण "आलेच हं, दोन मिनिटे" एवढे म्हणायला काही पैसे पडत नाहीत. त्या दोन शब्दांवर माणूस दहा मिनिटे थांबते. आणि मोबाइल खणात ठेवावा. आपल्याच मुलाचा फोन असला तरी समोरच्या बाईला वाटते, मी येथे ताटकळत उभी आणि ही आपली गप्पा मारते आहे.

हाक काय मारावी, हाही एक प्रश्नच आहे. आपल्याकडे मावशी, वहिनी, काकू, आजी म्हणायची रीत आहे, त्यात आपलेपणा आहे. पण केस थोडे पिकले म्हणून पन्नाशीच्या बाईला "आजी, काय देऊ?" म्हटले तर तिला ते गोड लागत नाही. एक बाई तर चकलीचे पाकीट हातातले तसेच ठेवून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. शंका असेल तेथे "ताई" म्हणावे. ताई म्हटलेले कोणाला लागत नाही.

आता मला जी सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगते. आपल्याकडे सोसायटीतल्या बायका गाडीतून येतात, दोन-दोन किलो मसाला नेतात. आणि त्यांच्याच घरी भांडी घासणारी बाई संध्याकाळी येते, पन्नास ग्रॅम कांदा-लसूण मसाला मागते. दोघी एका वेळी आल्या तर आधी कोणाला? आधी आली तिला. यात दुसरे काहीच नाही. पन्नास ग्रॅमवालीला "जरा थांबा हो मावशी" म्हणून मागे सारायचे आणि दोन किलोवालीकडे हसून बघायचे, हे मी काउंटरवर चालू देत नाही. पन्नास ग्रॅमवाली महिन्यातून सहा वेळा येते हा एक हिशेब झाला. पण हिशेब सोडा. आपल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या निम्म्या बायका कालपरवापर्यंत पन्नास ग्रॅमच नेत होत्या.

मालाचेही तसेच. एकीने सुचवले होते की जरा हलक्या मिरचीचा स्वस्त मसाला वेगळा करावा, गरीब लोक नेतील. तेव्हा मी लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. प्रथम त्याही दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्त. त्यांना पैसे देणारे छगनबाप्पा पारेख यांनी सांगितले की एकच पापड करा, चांगला करा, आणि त्याच्या दर्जात कधी तडजोड करू नका. पुढे ती संस्था केवढी वाढली ते आपण जाणतोच. आपला मसाला एकच राहिला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि पुडी लहान-मोठी. ज्याला जेवढे परवडेल तेवढे न्यावे.

वजन करताना काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे असावे. आधी रिकामा डबा ठेवून आकडा शून्य करावा, तो शून्य त्यांना दिसू द्यावा, मग माल घालावा. कोणी "राहू दे हो, विश्वास आहे" म्हणाले तरी करावे. ते म्हणतात हा त्यांचा चांगुलपणा, आपण मात्र दाखवायचेच.

माल काय आहे हे विकणारीला ठाऊक पाहिजे. "हे तिखट आहे का?" असे विचारल्यावर "मला नाही माहीत, मी नुसती विकते" हे उत्तर मला फार खटकते. प्रत्येकीने प्रत्येक पदार्थ एकदा तरी खाऊन बघावा. मसाला घरी नेल्यावर कोरड्या बरणीत भरावा, वर हिंगाचे खडे ठेवावेत, ओला चमचा घालू नये, हे पुडी देतानाच सांगावे. आणि एखादी वस्तू संपली असेल तर संपली म्हणावे, पुन्हा कधी येईल ते सांगावे. थालीपिठाची भाजणी नाही म्हणून चकलीची भाजणी "तीच हो, एकच असते" म्हणून गळ्यात मारू नये. एकच नसते, आणि घरी पीठ भिजवल्यावर तिलाही ते कळते.

भाजणीवरून आठवले. दिवाळीच्या आठ दिवसांत रोज एक तरी बाई येते आणि म्हणते, "तुमची भाजणी खराब आहे, चकल्या तेलात विरघळल्या." आता आपल्याला ठाऊक असते की मोहन जास्त झाले की चकली तेलात सुटते, आणि कमी झाले की दाताला कडक लागते. तोंडावर येते, "अहो, तुमचेच मोहन चुकले!" ते गिळावे. ती बाई सकाळपासून गॅसपुढे उभी आहे, तेल वाया गेले, पोरे वाट बघताहेत, सासूबाई काहीतरी बोलल्या असतील. ती आपल्याशी भांडायला आलेली नाही, तिचा सण बिघडतो आहे. तिला पूर्ण बोलू द्यावे. मध्ये एक शब्द बोलू नये. मग विचारावे, "ताई, पीठ किती घेतले होते? तेल कडकडीत घातले का? साधारण किती?" असे विचारत गेले की दहातल्या आठ बायका आपणच म्हणतात, "अगंबाई, मोहन जरा जास्तच पडले वाटते." मग सांगावे की उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळा, पुन्हा मळा, आधी एकच चकली तळून बघा. ती कोरडी भाजणी मी मूठभर पुडीत बांधून तशीच देते. कोणी म्हणते, फुकट कशाला? त्या मूठभर पिठाने तिची दिवाळी सुधारते.

माझी आजी म्हणायची, बोलणाऱ्याची बोरे विकतात. खरे आहे. पण बोलून एकदाच विकली जातात. दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक येते ते आपण ऐकून घेतले म्हणून.

मात्र दहातल्या उरलेल्या दोन बायकांचे म्हणणे खरे असते, हे विसरू नका. गेल्या पावसाळ्यात एक बाई शेंगदाण्याच्या चटणीची दोन पाकिटे घेऊन आल्या. मुलाला पुण्याला वसतिगृहात पाठवली होती, त्याने खवट म्हणून परत पाठवली. बाई चिडलेल्या होत्या. मी पाकीट उघडून तेथेच चव घेतली. चटणी खवटच होती. पैसे लगेच परत दिले आणि त्या दिवशीची उरलेली सगळी पाकिटे फळीवरून काढली. ज्यांचे फोन नंबर वहीत होते त्या अकराजणींना फोन करून सांगितले, चटणी खाऊ नका, पैसे घेऊन जा.

खरा प्रश्न पुढे होता. संध्याकाळच्या बैठकीत निघाले की ज्या भगिनीने त्या दिवशी दाणे भाजले तिच्या मजुरीतून नुकसान कापावे. तिचे नाव मी घेत नाही. तिच्या मजुरीवर दोन मुलांची फी जाते. ती खाली मान घालून बसली होती. मी म्हटले, कापण्याआधी पोते बघू या. कोठीत त्याच दाण्यांचे अर्धे पोते शिल्लक होते. कच्चे दाणे चावून बघितले तर तेच खवट. व्यापाऱ्याने जुना, ओल लागलेला माल दिला होता. भाजणारीने काय करावे? नुकसान मंडळाने सोसले, पोते परत गेले. तेव्हापासून पोते आले की चारजणींनी दाणे चावून बघितल्याशिवाय ते आत घेत नाहीत, आणि प्रत्येक पाकिटावर घाणीचा नंबर लिहितात. काउंटरवर आलेली तक्रार स्वयंपाकघरात पोचवायची ती यासाठी. पोचवायची, पण कोणाच्या डोक्यावर आपटायची नाही.

पैसे परत दिले म्हणून काहीजणींना ते फार उदारपणाचे वाटले होते. तो उदारपणा नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा. तेव्हा बिल मागितले नाही तरी द्यावे.

आता फोनवरच्या पैशांचे. म्हातारी माणसे धडपडत फोन काढतात, चष्मा शोधतात. मागच्या रांगेला कुरकुर करू देऊ नका, आणि त्यांचा फोन आपल्या हातात घेऊन आकडे दाबू नका. त्यांच्या खात्यातून पैसे गेले आणि आपल्याकडे आले नाहीत, असे कधी होते. तेव्हा "आम्हाला आले नाहीत" म्हणून हात झटकू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानात असे अडकलेले पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत खात्यात जमा व्हायला हवेत. हे शांतपणे सांगावे, नाव-नंबर लिहून घ्यावा. ओळखीचे असतील तर माल द्यावा. आजवर असा माल दिलेला एकही रुपया बुडालेला नाही.

इतके सांगितले म्हणून गिऱ्हाईक म्हणजे देव असे मात्र मी म्हणणार नाही. मुलींशी वाकडे बोलणारा, "मॅडम, हसून द्या की" म्हणणारा कोणी आला तर मुकाट्याने सोसायचे नाही. मला किंवा आत जी मोठी असेल तिला हाक मारा. अशा माणसाला माल न देता मी परत पाठवलेले आहे, पुढेही पाठवीन. आणि उधारी कोणालाच नाही, माझ्या जावेलाही नाही. तिला ते ठाऊक आहे, ती समोर बसून हसते आहे.

दिवाळीच्या ऑर्डरी सोमवारपासून घ्यायच्या आहेत. नव्या मुलींनी पहिले दोन दिवस फक्त वजन करावे आणि मी कोणाशी काय बोलते ते ऐकावे, तिसऱ्या दिवसापासून बिलाची वही हातात घ्यावी. इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी तपासणी दरवर्षी करून शिक्का घ्यावा लागतो. आपली मुदत पुढच्या महिन्यात भरते, तेवढे चिटणीसबाईंनी आजच लिहून घ्यावे.